बेसमेंटमधली अंबाडी

अंबाडीला वास नसतो. अगदी नाक लावून हुंगलं तर ओल्या पाल्याचा येतो, तेवढाच. त्यामुळे दारात येऊन पडलेल्या खोक्यावर कोळशाच्या फिल्टरचं चित्र पाहिलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हाच: अंबाडीला हा कशाला हवा?

खोकं नवऱ्याच्या नावाने होतं. त्याआधी आलेली खोकी मी बिनतक्रार आत घेतली होती. एलईडीचा चौकोनी दिवा, टायमर, छोटा पंखा, कापडी कुंड्या, चंदेरी कागदाची गुंडाळी. दिवाळीनंतर सासूबाई वर्ध्याहून सहा महिन्यांसाठी येणार होत्या, आणि मागच्या खेपेला त्यांनी "इथं आंबट म्हणून काही मिळतच नाही" असं इतक्या वेळा म्हटलं होतं, की या वेळी आईसाठी बेसमेंटच्या क्लॉझेटमध्ये अंबाडी लावायची असं नवऱ्याने जाहीर केलं. मिनेसोटाच्या थंडीत बाहेर काही उगवत नाही. ईडन प्रेरीत, आमच्या गावात, ओळखीच्या निम्म्या घरांत कढीपत्त्याचं झाड दिव्याखाली जगवलेलं असतं, तेव्हा दिव्याचं मला काही वाटलं नाही. फिल्टरचं वाटलं.

"हा वास शोषून घ्यायचा आहे ना?" मी विचारलं.

"अगं, खताचा वास येतो."

"कुठलं खत?"

"ऑरगॅनिक."

मी वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत काम करते. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत जाऊन ते सांगतात तसं खरंच करतात का, हे बघणं माझं काम. त्यात एक गोष्ट लवकर कळते. एका शब्दात उत्तर आलं की समोरच्याला दुसरा प्रश्न नको असतो. मी तेव्हा दुसरा विचारला नाही, कारण माझ्या डोक्यात त्या दिवसांत भलताच विषय होता.

माझे वडील नाशिकला एकटे होते. आई गेलेली, मी एकुलती एक. आदल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. नर्सिंग ब्युरोची बाई दिवसा यायची, दुसरी रात्री. मला तिथे जाऊन नीट राहायचं होतं. आठ-पंधरा दिवस नाही, लागेल तितकं, वर्षभरसुद्धा. पण ग्रीन कार्डावर एवढा काळ देशाबाहेर राहिलं की परत येताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात आणि कधीकधी कार्डच जातं. नागरिकत्व मिळालं की ती कटकट नाही. म्हणून आम्ही दोघांनी एकदमच अर्ज केले होते. बोटांचे ठसे देऊन झाले होते. मुलाखतीची तारीख येण्याची वाट होती. वडिलांना मी फोनवर "आता थोडंच राहिलंय" असं सांगत होते, आणि ते एका बाजूने हसत होते.

तर क्लॉझेट. नवऱ्याने एका शनिवार-रविवारी बेसमेंटमधल्या पाहुण्यांच्या खोलीतलं ते कपाट रिकामं केलं. कपडे टांगायच्या दांड्याला दोरीने दिवा लटकवला, रोपं वाढतील तसा वर घेता येईल असा. भिंतींना चंदेरी कागद चिकटवला. वरच्या कोपऱ्यात पंखा, त्याला तो फिल्टर, आणि हवा बाहेर सोडायला जाड लवचीक नळी. खाली ट्रे, ट्रेमध्ये कापडी कुंड्या. आत गरमी किती, दमटपणा किती, हे दाखवणारं छोटं यंत्रही होतं. सगळं नेटकं. आमच्या घरात गेली सहा वर्षं एक नळ ठिबकतो आहे, त्याला या माणसाने हात लावलेला नाही.

"मी माती भरू लागू का?" मी म्हटलं.

"नको नको. तू हात लावू नकोस."

"का रे?"

"परफेक्ट मिक्स आहे. बिघडेल."

मग दाराला कुलूप आलं. आई यायच्या आधी कशाला कुलूप, तर म्हणे आईला सरप्राइज. आई तेव्हा आठ हजार मैलांवर होती.

मी मनात एकेक शक्यता तपासत गेले. दुसरी बाई असती तर कुलूप फोनला लागलं असतं. कर्ज असतं तर खरेदी थांबली असती. राहता राहिलं ते क्लॉझेटच्या आतलं. आमच्या राज्यात आता घरात मोजकी गांजाची रोपं लावायला परवानगी आहे, हे मला माहीत होतं. ऑफिसात दोघंतिघं जेवताना टोमॅटोबद्दल बोलावं तसं त्याबद्दल बोलतात. पण माझा नवरा? इथल्या मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला सोवळं नेसून बसणारा, बिअरचा एक कॅन दोन तास पुरवणारा? तरी मी एका संध्याकाळी म्हटलं, "बघू तरी तुझी अंबाडी." त्याने अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. कुलूप काढलं. आतून पांढरा झगझगीत उजेड आला. पुढच्या दोन कुंड्यांत वीतभर रोपं होती. मागे कोपऱ्यात आणखी दोन होत्या, पण मध्ये नवरा उभा होता.

मी पुढच्या रोपाचं पान तोडून चावलं. आंबट. जिभेच्या कडा आवळून धरणारं, ओळखीचं आंबट.

"पटलं?" तो म्हणाला.

"पटलं," मी म्हटलं आणि वर आले. त्या दिवशी झोपही बरी लागली. सकाळी दात घासताना लक्षात आलं, की पुरवठादाराने स्वतः पुढे केलेला एकच नमुना बघून मी कधी एखाद्या कारखान्याला पास केलं आहे का? कधीच नाही.

सासूबाई आल्या. सरप्राइज दाखवून झालं, म्हणजे नवऱ्याने एका टोपलीत खुडलेली पानं आणून त्यांच्यापुढे ठेवली. कुलूप मात्र तसंच. त्यांनी ज्वारीच्या कण्या घालून भाजी केली, वरून लसणाची लाल फोडणी दिली, आणि आम्ही तिघांनी बोटं चाटून खाल्ली. पण दोन दिवसांनी त्याही माझ्याकडे आल्या.

"काहून गं, पोरगा माले भाजी खुडू देत नाही?"

"रोपं नाजूक आहेत म्हणतो."

"अंबाडी आन् नाजूक?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच आत काहीतरी दडवलंय. "उकिरड्यावर उगवते ते. दागिने हाये का त्या कपाटात?"

"आई, असते तर मी घातले नसते का?"

त्यांना ते पटलं नाही. आता घरात आम्ही दोघी त्या कुलपाकडे बघत होतो, आणि मधून मधून एकमेकींकडे.

एका शनिवारी नवरा गाडीला बर्फातले टायर चढवायला गेला. मी वाण्याकडून परत आले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या, स्वेटरच्या वर पदराचा ओचा बांधलेला आणि त्यात पाला. कढईत तेल तापत होतं. धुवायच्या कपड्यांत नवऱ्याच्या जॅकेटच्या खिशात किल्ली सापडली होती. त्यांनी ती योग्य ठिकाणी लावून पाहिली होती.

"हे पाय, कोपऱ्यात किती माजली होती! पुढच्या बिचाऱ्या ओरबाडून ओरबाडून बोडक्या केल्या, आन् मागची तशीच ठेवली यानं."

मी पिशव्या खाली ठेवल्या. ओच्यातून एक पान घेतलं. अंबाडीचं पान कितीही चिरलेलं असलं तरी मध्ये तळहात असतो, बोटं त्यातून फुटतात. याला तळहात नव्हता. बोटं थेट देठापासून सुटी, प्रत्येकाला करवतीची धार. चुरडलं तर बोटांना चिकटलं, आणि वास असा आला की मला एकदम आमच्या ऑफिसच्या पार्किंगचा मागचा कोपरा आठवला, जिथे ते दोघंतिघं ओढत उभे असतात तो.

"आई, तुम्ही चाखलं का यातलं?"

"एक पान चावलं. कडूझार. थुकलं." त्यांनी हात झटकला. "पर अमेरिकेची अंबाडी अशीच असन. इथली भेंडी बी फुगीर, वांगं बी बेचव. लसून जास्ती घातला का जाईन कडूपना."

मी गॅस बंद केला.

"आई, याच्यावर कालच औषध फवारलंय. कीड पडली होती. पोटात गेलं तर विष."

"मंग तू काहून घाबरली एवढी? मी तं थुकलं म्हनलं ना."

"हॉस्पिटलचं बिल बघितलंय का तुम्ही इथलं?"

मी सगळा पाला सिंकमधल्या दळणयंत्रात घातला आणि पाणी सोडून चालू केलं. त्या यंत्राची घरघर संपेपर्यंत त्या माझ्या मागे उभ्या होत्या. अंबाडी फेकताना पाहून त्यांना जे दुःख झालं ते खरं होतं. संशय त्याहून खरा होता.

नवऱ्याला मी गॅरेजमध्येच गाठलं. गॅरेजचं दार खाली येईपर्यंत थांबले.

"मागच्या दोन कुंड्यांत काय आहे?"

"अंबाडी."

"तुझ्या आईने आत्ता ती ओच्यात भरून आणली होती. फोडणीत पडणार होती."

त्याने गाडीच्या टपाला हात टेकला. "खाल्ली?"

"एक पान चावून थुंकली. बरी आहे. माझ्यावर चिडली आहे, तेवढंच. गांजा लावलास?"

"गांजा म्हणू नकोस ना, प्लीज. किती चीप वाटतं. कॅनाबिस म्हण."

"तुझ्या आईच्या पदरात होता तो. काय म्हणू, पालेभाजी?"

मग सगळं बाहेर आलं. त्याच्या पायांची आग. डायबेटिसमुळे तळव्यांच्या नसा बिघडलेल्या, रात्री पांघरूणही सहन होत नाही, हे मला माहीत होतं. डॉक्टरच्या गोळ्यांनी दिवसा मीटिंगमध्ये झोप येते, हेही. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की याच्या तेलाने फरक पडतो. मग एवढाच फरक हवा होता तर कॅनाबिसच्या दुकानात जाऊन तयार बाटली का नाही आणलीस, मी विचारलं.

"दुकान कुठे आहे माहितीये ना? आपल्या इंडियन ग्रोसरीच्या त्याच प्लाझात. दोन दारं सोडून. शनिवारी तिथे अख्खं मंडळ भाजी घ्यायला येतं. माझी गाडी तिथे दिसली असती तर?"

"म्हणून तू कारखाना काढलास."

"लीगल आहे! मी स्टेटचा कायदा पूर्ण वाचलाय. किती रोपं, कुलूप पाहिजे, बाहेरून दिसता कामा नये. सगळं पाळलंय. कुलूप त्याच्यासाठीच होतं."

"आणि आपली मुलाखत कोण घेणार आहे? स्टेट?"

इतका हुशार माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून पगार घेतलेला. राज्याने चालेल म्हटलं की चालतं, असं त्याने धरलं होतं. नागरिकत्व राज्य देत नाही, केंद्र सरकार देतं. वॉशिंग्टनच्या हिशोबाने ते रोप आजही बेकायदा आहे, आणि अधिकारी समोर बसवून, शपथ घ्यायला लावून त्याबद्दल विचारतो. या देशात जन्मलेल्या माणसाला हे कधी विचारात घ्यावं लागत नाही. त्याच्या ऑफिसातला तो सल्ला देणारा टोमॅटोसारखीच झाडं वाढवत असणार, आणि रात्री शांत झोपत असणार.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हो म्हणाली नसतीस."

हे खरं होतं, म्हणून मी पुढचं विचारलं. "अजून कुणाला माहिती आहे?"

"कुणालाच नाही."

"बिया कुठून आणल्यास? कार्डाने? ऑफिसातल्याला काय सांगितलंस? मेसेज केलेस?"

प्रत्येक उत्तराला तो आधी खाली बघत होता. मी प्रत्येक उत्तरातून थोडं वजा करून घेत होते.

सोमवारी वकिलाशी बोललो. आमचे अर्ज त्यांनीच भरले होते. आवाजात कधी चढउतार नसलेला माणूस. त्यांनी आधी नवऱ्याला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि मला विचारलं: तुम्ही लावलीत? पाणी घातलंत? वापरलं? विकत आणायला पैसे दिलेत? प्रत्येकाला मी नाही म्हटलं, आणि प्रत्येक नाही खरं होतं. मातीसुद्धा मला भरू दिली नव्हती. नवऱ्याशी ते वेगळे बोलले. ते बोलणं मी ऐकलं नाही. त्याने बाहेर येऊन जे सांगितलं ते एवढंच, की खोटं बोलायला जाऊ नका आणि खरं सांगायलाही जाऊ नका. त्याचा अर्ज मागे घ्यायचा. कोपऱ्यातली रोपं आजच काढायची. आणि पुढचं कळेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण परत येताना कोण काय विचारेल सांगता येत नाही.

रोपं त्याने उपटली. मी दारात उभी राहिले. मग मी उपटलेल्या रोपांची पिशवी तपासली, कुंड्यांतली माती तपासली, औषधांचं कपाट, गॅरेजमधले डबे, त्याचे हिवाळी बूट. काही सापडलं नाही. न सापडल्याने मला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. ज्याला सगळं इतकं नेटकं मांडता येतं त्याला लपवताही नेटकं येत असणार.

घरातलं बाहेर जायला मात्र कुलूप नव्हतं. सासूबाईंनी फोनवर नागपूरच्या लेकीला आणि देवळात भेटलेल्या दोघीतिघींना सांगितलं की सुनेनं ओचाभर अंबाडी मशीनमध्ये घातली. पुढच्याच आठवड्यात मंडळातल्या एक काकू दाराशी. इथे चाळीस वर्षं काढलेल्या, निवृत्त डॉक्टर, हातात रिकामा डबा.

"तुमच्याकडे अंबाडी लावलीये म्हणे बेसमेंटमध्ये. दिव्याखाली."

"होती. कीड पडली. काढून टाकली."

"अरेरे. बघू तरी कसा सेटअप केलाय. आमचे हे म्हणत होते, फिल्टर-बिल्टर लावलाय."

फिल्टरचं यांना कुणी सांगितलं? सासूबाईंना तर तो फिल्टर आहे हेही माहीत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा गोड होता, डॉक्टरांचा असतो तसा.

"खाली पसारा आहे, काकू," मी म्हटलं. "कढीपत्ता देऊ का?"

त्यांनी कढीपत्ता घेतला. जाताना म्हणाल्या, "आणि त्याच्या पायांचं काय? बरे आहेत का आता?" मी बरे आहेत म्हटलं. त्यांची गाडी वळेपर्यंत मी खिडकीत उभी होते. पायांचं त्यांना माहीत असायला हरकत नव्हती, त्यांनीच एकदा तपासले होते. तरी मुलाखत होईपर्यंत मी मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला गेले नाही. कुणाच्या तोंडून काय निघेल आणि कुणाचा भाचा कुठल्या ऑफिसात असेल, सांगता येत नाही.

तारीख आली ती माझ्या एकटीची. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, टेबलावर कॉफीचा मोठा थर्मास. उजवा हात वर करून शपथ घेतली. मग कर, प्रवास, पत्ते, नवऱ्याचं नाव. तुमच्या पतीचा अर्जही होता, तो मागे घेतलाय का? हो. मी पुढच्या "का"ची वाट बघत बसले. त्यांनी पान उलटलं. मग अमली पदार्थांचा प्रश्न आला: तुम्ही कधी बनवलेत, लावलेत, विकलेत, वापरलेत का? "तुम्ही" वर त्यांनी जोर दिला, की मलाच तसं ऐकू आलं, माहीत नाही. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मी लोकांकडे तसंच बघते, उत्तर आल्यावर, ते अजून काही बोलतात का म्हणून. मी काही बोलले नाही.

पास झाले. समारंभात छोटा झेंडा मिळाला. नवरा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

घरी येताना गाडीत मी त्याला विचारलं, "मला हात लावू दिला नाहीस, ते का? मी ओळखेन म्हणून, की माझ्यावर काही येऊ नये म्हणून?"

"तुझ्यावर येऊ नये म्हणून," तो म्हणाला.

एका दमात म्हणाला. कायदा चालतो असं ज्याला वाटत होतं, त्याला माझ्यावर काय येईल असं वाटत होतं? मी तो प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि पासपोर्टच्या फोटोला कुठे जायचं ते विचारलं.

सासूबाई वर्ध्याला परतल्यावर मी नाशिकला आले. आता इथेच आहे. सकाळी वडिलांचा व्यायाम घेते. त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेपर्यंत येतो, कधी येत नाही. ब्युरोच्या दिवसाच्या बाईला मी काढलं, कारण ती व्यायाम झाला म्हणायची आणि होत नसे. नवरा रोज फोन करतो. पाय कसे आहेत विचारलं की "ठीक" म्हणतो. नवीन डॉक्टर, नवीन गोळ्या. बरं चाललंय म्हणतो. मी कॅमेरा जरा खाली घे म्हणते, पाय दाखव म्हणते. तो हसतो आणि चेहराच दाखवतो.

वडिलांची जीभ अजून जड आहे, पण प्रश्न त्यांना स्पष्ट विचारता येतात.

"जावई का नाही आला?"

"रजा नाही मिळाली, बाबा."

"दिवाळीला येईल?"

"बघू."

"त्याच्या आईचा फोन आला होता." ते थांबले, घोट गिळला. "म्हणाली, तुम्हां दोघांचं अंबाडीवरून भांडण झालं. अंबाडीवरून?"

"हो."

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. डाव्या हातात अजून पुष्कळ जोर आहे.

"मी अर्धा लुळा आहे," ते म्हणाले. "अर्धा नाही. बस इथे आणि नीट सांग."

मी बसले. त्यांच्या पायाखालची उशी सरकली होती ती सारखी केली. मग काय सांगायचं आणि किती, याचा विचार करत राहिले. मनगट त्यांनी सोडलं नाही.